भिंतीपलीकडचा कर्णा

कल्याणात आमची खोली टॉकीजच्या पाठीला पाठ लावून होती. मधे हातभर बोळ, त्यात मोऱ्यांचं पाणी. त्या भिंतीच्या आत टॉकीजचा पडदा आणि पडद्यामागे कर्णा. मी तो एकदाच पाहिला, मागचं दार उघडं राहिलेलं तेव्हा. लग्नाच्या मांडवात बांबूला बांधतात तसला पत्र्याचा नव्हे. लाकडी, माझ्याहून उंच, आणि तोंड एवढं रुंद की आत बसून भाकऱ्या थापता आल्या असत्या. नवीनच बसवलेला होता.

कानाला त्याचा आवाज आमच्याकडे फारसा यायचाच नाही. गाण्याचे शब्द, बायकांचं बोलणं, बासरी, सगळं तिकडेच अडकायचं. भिंत ओलांडून यायचं ते फक्त जाड आणि खालचं: ढोल, ढगांचा गडगडाट, पुलावरून जाणारी आगगाडी. तेही अंगाला. आधी फळीवरच्या डब्यांची झाकणं कुजबुजायची, हंड्यातल्या पाण्यावर बारीक वळ्या उठायच्या. मग बरगड्यांना आतून कुणी तळवा टेकवल्यासारखं व्हायचं, दाढा शिवशिवायच्या, घशाशी मळमळायचं. कुंकवाचा करंडा सरकत फळीच्या टोकाला यायचा, तो मी दर खेळानंतर मागे ढकलायची. तीनचा खेळ, सहाचा, नऊचा. मधल्या वेळातसुद्धा माझं अंग आखडलेलंच असायचं, आता येईल, आता येईल म्हणून.

मी मालवणकडून लग्न होऊन आलेली. शाळा चौथीत सुटली, पण पत्रापुरतं लिहिता यायचं. इथे माझं म्हणावं असं कोणी नव्हतं. हे कारखान्यात सकाळच्या पाळीला, चारला घरी यायचे. आणि घरमालकीण काकी. त्यांच्या घरचे पूर्वापार मिठागरात राबलेले. पुढे स्वतःच्या जागेत खोल्या बांधून भाड्याने दिल्या. बोलणं तोडून टाकल्यासारखं, त्यात 'ड'चा 'र' व्हायचा, पण कोलंबीचं कालवण केलं की माझ्या वाट्याचं झाकून ठेवायच्या.

मला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझे जड दिवस नेमके पावसाळ्यात येत होते, आणि पावसाळ्यात आगबोटी बंद. आईने कळवलं, तिथेच राहा, जिवाला जप.

पाचव्या महिन्यात एकदा तीनचा खेळ चालू असताना पोटात काहीतरी थरथरलं. सहाला पुन्हा. ह्यांना सांगितलं तर ह्यांनी पोटावर हात ठेवला आणि हसायलाच लागले.

"अगं, हे तर मारामारीला नाचतंय. बापावर गेलंय."

मग ते रोजचंच झालं. सहाचा खेळ सुरू झाला की चहाची कपबशी बाजूला ठेवून ह्यांचा हात माझ्या पोटावर. चित्र सामाजिक असलं तर बाळ मलूल, पौराणिक लागलं की जोरात. मी आईला लिहिलं, बाळ घड्याळ लावल्यासारखं हलतं. तिचं उलट पत्र आलं, चळवळं आहे म्हणजे सुखरूप आहे, देवाला नारळ ठेवला.

सातवा लागला, आणि एका सोमवारी टॉकीज बंद झालं. मशीनचा कुठलासा भाग दुरुस्तीला मुंबईला गेलेला. त्या दुपारी मी मेल्यासारखी झोपले. मंगळवारी तीन वाजता सवयीने पोटावर हात ठेवून भिंतीला टेकून बसले. काही नाही. सहाला ह्यांनी हात ठेवला. "झोपलंय," म्हणाले, आणि हात जरा लवकरच काढून घेतला.

बुधवारी सकाळी तांदूळ निवडता निवडता माझ्या डोक्यात उजेड पडला. तो पडला नसता तर बरं, असंच वाटलं. हंड्यातलं पाणी हलायचं तसं माझं पोट हलत होतं. मग बाळ? आठवून आठवून पाहिलं. ज्या ज्या वेळी मी 'आता हललं' म्हटलं होतं, त्या प्रत्येक वेळी पलीकडे खेळ चालू होता. एकही वेळ सुटी सापडेना. सूप खाली ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. पाणी प्याले. कुशीवर झोपले, उठले, दुसऱ्या कुशीवर झोपले. आईने तर देवाला नारळसुद्धा ठेवलेला.

काकी भाताची पेज घेऊन आल्या आणि रोजच्यासारखं विचारलं, हलतंय ना. मी हो म्हटलं. त्या दारापर्यंत गेल्या, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं.

"काकी, ते जिवंत आहे की नाही, मला कळतच नाही."

मी कर्ण्याचं सगळं सांगितलं. वाटलं, वेडी म्हणतील. त्यांनी पेजेवर ताटली झाकली.

"लुगरा बदल. चल."

टांग्याने दवाखान्यात गेलो. नर्सबाईंनी विचारलं, शेवटचं कधी हललं. मी म्हटलं, रविवारी, सहाच्या खेळाला. त्यांनी मान वर करून पाहिलं. मग काकींनीच टॉकीज, भिंत, सगळं समजावलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एक लाकडी नळी काढली, एका टोकाला पसरट. ते टोक पोटावर टेकवलं, दुसऱ्याला कान लावला. इकडे ऐकलं, तिकडे ऐकलं, पुन्हा इकडे.

"श्वास घ्या हो, बाई. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी."

मी श्वास धरून ठेवलाय हे मलाच ठाऊक नव्हतं. मग त्यांनी काकींना खुणेने बोलावलं. काकींनी पदर कानामागे सारला आणि वाकल्या. कितीतरी वेळ त्या वाकलेल्याच.

"अगो, घोरा दौरतंय!"

पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. मला ऐकायला मिळेल का, असं मी विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, तुमचा कान तिथे पोचायचा नाही. म्हणजे मी विश्वास ठेवायचा दोन बायकांच्या कानांवर. ठेवला. पूर्ण नाही ठेवता आला.

त्यांनी समजावलं, पोर बराच वेळ झोपतं, त्याच्या वेळेला लाथ मारतं. तुम्ही खेळाचीच वाट बघत बसलात, त्याची वेळ तुम्ही पाहिलीच नाही. त्या आवाजाने बाळाला काही इजा होते का, असं मी भीत भीत विचारलं.

"ते मला माहीत नाही. तुमच्या डोक्याला मात्र झालेली दिसते."

टॉकीज शुक्रवारी सुरू झालं. त्या दिवसापासून खेळाच्या वेळी काकींनी मला घराच्या पुढच्या टोकाला, आपल्या ओसरीवर चटई दिली. माझी ओसरी म्हणजे काय धर्मशाळा आहे, असं रोज कुरकुरत, पण चटई रोज आधीच अंथरलेली. मी त्या ऋणातून कधी मोकळी झाले नाही, व्हायचंही नाही.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी काकी सुके बोंबील निवडत होत्या आणि मी भिंतीला पाठ लावून बसलेली. उजवीकडे, खाली, काहीतरी ढुशी मारून गेलं. झोपेत कूस बदलणाऱ्या माणसाचं कोपर लागावं तसं. मी तळवा मागच्या भिंतीला लावून पाहिला. भिंत गप्प. काकींना सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. एकदाच तर हललं. पुन्हा हलू दे, मग सांगू, असं म्हणून मी हात तसाच पोटावर धरून बसून राहिले.