मित्स्काची अर्धी गोळी

बर्नडीन ह्रुश्का पहिल्यांदा माझ्या काउंटरवर आली ती कुत्र्याच्या औषधाची चिठ्ठी घेऊन. गावातल्या औषधाच्या दुकानात मी एकटीच फार्मासिस्ट, आणि आमच्या कॉम्प्युटरला पेशंटची जन्मतारीख लागतेच लागते. मी विचारली.

"जन्मतारीख त्याच्या आईला ठाऊक," ती म्हणाली. "मला तो पेट्रोलपंपामागे सापडला. लिही काहीतरी. पण वय कमी लाव हं, गडी अजून मिजाशीत असतो."

बाटलीवर मी 'बस्टर ह्रुश्का' असं लेबल लावलं. बाईंनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि भारी खूश झाल्या.

बर्नडीन तेव्हा अडुसष्ट वर्षांची. नेब्रास्कातल्या आमच्या गावात मक्याची मोठी कोठारं आहेत, तिथल्या वजनकाट्यावर तिनं एकतीस वर्षं काढली. सुगीत शेतकऱ्यांचे ट्रक रांगेनं उभे राहायचे आणि प्रत्येकाला वाटायचं, आपलं वजन कमी भरलं. ती खिडकीतून मान बाहेर काढून म्हणायची, "पुन्हा चढव काट्यावर. बघू कोण खोटं बोलतंय, काटा का तू!" अशा बाईला भाव विचारायची लाज कुठून वाटणार?

बस्टरला जानेवारीत आकडी यायला लागली. जनावरांच्या डॉक्टर अमुंडसन यांनी गोळ्या सुरू केल्या, त्यांच्याच दवाखान्यातून. महिन्याला नव्वद डॉलर. दुसऱ्या महिन्यात बर्नडीननं सरळ विचारलं, "डॉक्टरबाई, ही गोळी माणसांनाही देतात का?"

"देतात की."

"मग माणसांच्या दुकानात काय भावानं मिळते?"

"ते मला नाही माहीत," डॉक्टर म्हणाल्या. "पण चिठ्ठी लिहून देते. चौकशी करा."

तिनं तीन दुकानांना फोन लावले. कंपनीचं नाव नसलेली तीच गोळी माझ्याकडे बावीस डॉलरला पडत होती. एवढीच ही करामत. बाकी एक गोष्ट मात्र तिनं कधी केली नाही: गोळी स्वतःच्या मनानं बदलणं, कमी-जास्त करणं. "भाव बघायचा मी, मात्रा बघायची डॉक्टरनं," असं ती म्हणायची.

हळूहळू लोक तिला विचारायला लागले. आमच्याकडे माणूस ट्रॅक्टरच्या किमतीवर तासभर घासाघीस करेल, पण आजारी जनावराच्या औषधाचा भाव विचारताना त्याची जीभ जड होते. वाटतं, डॉक्टरला राग येईल, किंवा लोक म्हणतील, याला कुत्र्यापेक्षा पैसा प्यारा.

एमिल व्होंड्रा त्यातलाच. बर्नडीनच्या शाळेतला, एका वर्गातला. निवृत्त सुतार. बायको अ‍ॅग्नेस तीन वर्षांपूर्वी गेली आणि मागं तिची मांजर राहिली, मित्स्का. करड्या रंगाची, चौदा वर्षांची, एमिलशिवाय कुणाच्या मांडीवर न बसणारी. तिला थायरॉइड निघालं होतं. रोज दोन वेळा गोळी, जन्मभर.

एका शनिवारी चर्चच्या बायकांनी कोलाचे, म्हणजे सारणाचे गोड पाव, भाजले. बर्नडीन आलुबुखाऱ्याचं सारण भरलेले डझनभर एमिलकडे घेऊन गेली. हे सगळं पुढं तिनंच मला सांगितलं, आणि एमिलनंही, थोडं वेगळं करून.

मांजर खिडकीत बसली होती. बर्नडीननं तिला उचललं आणि तिच्या हातांनी एकतीस वर्षांच्या सवयीनं वजन घेतलं.

"एमिल, ही दोन पौंडांनी उतरलीय."

"म्हातारी झाली ती. मीही उतरलोय."

"गोळ्या देतोस का?"

"देतो की!"

ओट्यावर बाटली होती. तारीख बघितली तर गेल्या महिन्यातली. एव्हाना रिकामी व्हायला हवी होती, ती अर्धी भरलेली. बर्नडीननं झाकण उघडलं. गोळ्यांचे तुकडे केलेले, सुरीनं, वेडेवाकडे.

एमिलचा पारा चढला. "माझ्या घरात येऊन माझ्या बाटल्या उघडतेस? काट्यावरची नोकरी सुटली ना तुझी?"

"सुटली. सवय नाही सुटली. खरं बोल."

तो कोलाच्यांचा डबा लांब सरकवून म्हणाला, "हिच्या गोळ्यांचे महिन्याला पासष्ट डॉलर मागतात. हीटरचं बिल आहे, माझी रक्तदाबाची गोळी आहे. म्हणून वाटून घेतलं. ती अर्ध्या गोळीवर, मी अर्ध्या गोळीवर."

"अरे, तू पण?"

"अन्याय नको ना व्हायला."

बर्नडीन म्हणते, इथं तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

यात माझीही चूक आहे, ती सांगायला हवी. एमिल दर महिन्याला माझ्याकडून त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायचा. त्या हिवाळ्यात तो दोन महिने फिरकला नव्हता. माझ्या लक्षात आलं होतं. म्हातारा माणूस, उगाच कशाला ओशाळवायचं, म्हणून मी गप्प बसले. बर्नडीननं हे ऐकलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुझं सौजन्य त्याला महागात पडलं असतं, बाई."

सोमवारी तिनं एमिलला आणि मित्स्काला डॉक्टर अमुंडसनकडे न्यायला गाडीत घातलं. रस्ताभर मांजर ओरडत होती आणि एमिल म्हणत होता, "बोलायचं मी. तू तोंड उघडायचं नाहीस."

"नाही उघडत."

डॉक्टरांनी मांजर तपासली, वजन केलं आणि विचारलं, "गोळ्या नीट चालू आहेत ना?"

एमिल टोपी फिरवत राहिला. बर्नडीन छताकडे बघत होती. शेवटी तोच म्हणाला, "अर्ध्या चालू आहेत. पूर्ण परवडत नाहीत."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली. म्हटलं, तुम्ही म्हणाल, परवडत नाही तर हिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवू. अ‍ॅग्नेसची मांजर आहे ती."

डॉक्टर अमुंडसन तरुण आहेत, तिशीच्या आतबाहेर. त्या उठल्या आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी येऊन बसल्या. "मिस्टर व्होंड्रा, असं मी कधीच म्हटलं नसतं. पैशांचं मला सांगितलं असतंत तर दहा मिनिटांत मार्ग निघाला असता. तुम्ही मात्रा कमी केलीत हे मला कळलंच नसतं, तर मी रक्ताचा रिपोर्ट बघून औषध वाढवत बसले असते."

त्यांनी रक्त तपासायला घेतलं आणि चिठ्ठी लिहिली. माणसांची तीच गोळी. फक्त ती मांजराच्या गोळीच्या दुप्पट ताकदीची असते, म्हणून एका वेळी अर्धीच द्यायची.

माझ्या दुकानात आल्यावर एमिलनं चिठ्ठी वाचली आणि बर्नडीनकडे वळला. "बघ! अर्धीच लिहिलीय. मी काय वेगळं करत होतो?"

"ती अर्धी तुझ्या डोक्यातली, ही डॉक्टरच्या हिशोबातली. आता मुकाट्यानं गोळी कापायचा डबा घे. सुरी नको."

तीन महिन्यांच्या गोळ्या सव्वीस डॉलरला झाल्या. मी त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्याही काढून ठेवल्या होत्या. या वेळी मी गप्प बसले नाही. "एमिल, ही तुमची. पूर्ण घ्यायची. आणि नाही परवडली तर मला सांगायचं, मांजरीला नाही."

तो लाजला, पण त्यानं पाकीट काढलं.

सहा आठवड्यांनी मित्स्काचा रिपोर्ट चांगला आला. गेलेलं वजन जवळजवळ भरून आलं, आणि तिनं एमिलच्या सोफ्याला नखं लावली, त्याचं त्याला भलतंच कौतुक. आता सकाळी कॅफेत कॉफी पिताना तो सगळ्यांना औषधांवर भाषण देतो, जणू शोध त्यानंच लावला. बर्नडीन शेजारच्या टेबलावर बसून ऐकते आणि मधूनच चुका सुधारते. डॉक्टरांनी दवाखान्याच्या काउंटरवर एक पाटी लावली आहे: औषध महाग वाटलं तर विचारा, चिठ्ठी लिहून देऊ.

परवा बर्नडीन दुकानात असताना तिचा फोन वाजला. शेजारच्या गावातली कोणी बाई होती, घोड्याच्या पोटातल्या व्रणाचं औषध, भाव ऐकून हबकलेली. बर्नडीननं सगळं ऐकून घेतलं.

"घोड्यातलं मला काही कळत नाही," ती म्हणाली. "पण डॉक्टरला विचारायला तर येतं ना? थांब, मी येते तुझ्याबरोबर."

आणि पर्समधली किल्ली शोधत ती दाराकडे निघाली.