कुरोदा-सान यांचे तीन खेळाडू आणि माझी लाल शीट

मागच्या बुधवारी मी ऑफिसात बसल्या बसल्या एका साठीच्या माणसाला लबाड ठरवलं... अर्थात मनातल्या मनात. तोंडाने रोजच्यासारखं 'ओहायो गोझाइमास', म्हणजे सुप्रभात, चालूच होतं.

आधीच सांगते, माझा स्वभाव संशयी. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर दिली तरी मी जुडी उलटून बघणार. पुण्यात घरचे यावरून चिडवायचे, इथे योकोहामात याच स्वभावाचा मला पगार मिळतो. मी डेटा तपासते.

आमची कंपनी एका व्यावसायिक फुटबॉल क्लबचं काम करते. क्लब दरवर्षी कॉलेजच्या शेवटच्या वर्षातले दोन-तीन खेळाडू निवडतो. आजवरच्या निवडी कशा निघाल्या, खेळाडू हेरणाऱ्या कोणत्या स्काउटची नजर पक्की, हे मला आकड्यांत मांडायचं होतं. त्यावरून शुक्रवारच्या मीटिंगमध्ये यंदाच्या एका लेफ्ट बॅकला, म्हणजे डाव्या बाजूच्या बचावपटूला, घ्यायचं की नाही, ते ठरणार होतं.

हा लेफ्ट बॅक कुरोदा-सान यांची निवड. क्लबचे सगळ्यात जुने स्काउट. बोलणं कमी, लॅपटॉपशी वैर, रिपोर्ट अजून हाताने लिहितात... तेही वर्ष सम्राटांच्या कारकिर्दीप्रमाणे. हेइसेई बावीस, हेइसेई तेवीस. माझ्या डोक्याला ताप नको म्हणून मी शीटमध्ये सरळ 'कॉलेजचं पहिलं वर्ष, दुसरं वर्ष' असे कॉलम केले. जिथे त्यांनी आकड्याऐवजी नुसती तिरकी रेघ मारली होती, तिथे शून्य भरलं.

आणि मग दिसलं. कुरोदा-सान यांच्या निवडीचे आधीचे दोघे आणि हा तिसरा, तिघंही उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या एकाच छोट्या विद्यापीठाचे. तिघांच्याही नावापुढे एक अख्खं वर्ष शून्य सामने. एकाचं तिसरं वर्ष, एकाचं दुसरं, या लेफ्ट बॅकचं पहिलं. शीटने तिघांना धोक्याचा लाल रंग दिला.

वर्षभर बाकावर बसलेली मुलं कोण कशाला निवडेल? बाकीचे स्काउट एका खेळाडूला दोन-तीनदा बघून येतात, हे गृहस्थ सात वेळा गेले होते. आणि सात वेळा जाऊन शेरा काय, तर 'चांगला मुलगा आहे'. आधीचे दोघे आज क्लबच्या पहिल्या संघात आहेत, तर मला तेही खटकलं... म्हटलं, वशिला अजून चालू दिसतोय.

शिवाय मिठाई. दर खेपेला कुरोदा-सान तिथल्या मिठाईचा एक खोका आणून चहाच्या टेबलावर ठेवायचे. प्रवासाहून येताना ओमियागे, म्हणजे सगळ्यांसाठी खाऊ, आणायची इथे पद्धतच आहे, मला काय माहीत नाही? तरी मी त्यातला एक तुकडा कधी उचलला नाही. तिथल्या कोचनेच दिलेला असणार, अशी माझी खात्री होती.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "तू पोलिसात हवी होतीस." मी लक्ष दिलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी लेकीचं, रेवाचं, प्रगतिपुस्तक आलं. सगळं ठीक, फक्त पोहण्याच्या चौकटीत मार्कांऐवजी तिरकी रेघ. मी लगेच आवाज चढवला. "काय गं, पोहण्यात शून्य?"

"चिगाउ, आई." म्हणजे तसं नाही. "शून्य म्हणजे पाण्यात उतरले आणि जमलं नाही. माझा कान दुखत होता ना, सेन्सेईंनी मला उतरूच दिलं नाही. मग मार्क कसे देणार?"

ती टीव्हीकडे वळली. मी मात्र ते प्रगतिपुस्तक हातात धरून तशीच उभी... माझ्या शीटमधली ती शून्यंही अशाच तिरक्या रेघांच्या जागी भरलेली होती.

शुक्रवारी सगळ्यांच्या आधी ऑफिस गाठलं. कुरोदा-सान यांचे कागद काढले आणि या वेळी त्यांच्याच वर्षांप्रमाणे शेजारी शेजारी लावले. तिन्ही रेघा एकाच ओळीत आल्या. हेइसेई तेवीस. म्हणजे २०११, तीन वर्षांपूर्वीचं... भूकंपाचं, त्सुनामीचं वर्ष.

कुरोदा-सान आल्यावर विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं. विद्यापीठाच्या मैदानावर घरं गेलेल्या लोकांसाठी तात्पुरती घरं उभी राहिली होती. संघ त्या वर्षी एकही सामना खेळला नाही. मुलं पहाटे पार्किंगमध्ये सराव करायची आणि दिवसभर लोकांच्या घरांतला गाळ उपसायची.

"आकडे नव्हते," ते म्हणाले. "म्हणून जाऊन बघावं लागलं."

एवढं बोलून ते थांबले आणि चक्क माझ्यापुढे वाकले. "रेघेचं कारण मी कागदावर लिहायला हवं होतं, तुम्हाला त्रास झाला, माफ करा," म्हणाले. ज्या माणसाला मी दोन दिवस लबाड म्हणत होते, तोच माझी माफी मागत होता. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

शीट दुरुस्त केली. ते वर्ष हिशोबातून काढलं आणि तिघांचाही लाल रंग गेला. मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं, कालपर्यंत लाल होतं ना? चूक माझी होती, असं मीच सांगितलं. लेफ्ट बॅकला बोलावणं धाडायचं ठरलं.

नंतर चहाच्या टेबलापाशी गेले. खोक्यात दोनच तुकडे उरले होते. एक उचलला आणि पाकिटामागची घटकांची यादी न वाचता खाल्ला... इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

संशयी स्वभाव काही एका दिवसात जायचा नाही. पण आता आधी स्वतःच्या शीटवर संशय घेते, मग माणसावर.

कुरोदा-सान, मी तुम्हाला काय समजत होते, हे मीटिंगमध्ये सांगायचं मात्र धाडस झालं नाही. तुम्हाला मराठी येत नाही, म्हणूनच इथे लिहिते आहे... चुकलं माझं.