आप्पांचा अंगठा आणि गोडाचा आग्रह

वर्तमानपत्रात छापलेलं दुसऱ्या दिवशी चुरमुऱ्याच्या पुडीला जातं. संपादकानं कापलेलं मात्र डोक्यात साचत राहतं. माझ्याकडे सर्वांत जास्त साचलंय ते बेळगावच्या आमच्या डॉक्टरांच्या ओसरीवरचं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे दिवस. जेवल्यावर ज्यांची साखर चढते असे आम्ही जाडजूड गडी तिथं बाटलीत लघवी घेऊन बसायचो. डॉक्टर ती काचेच्या नळीत निळ्या औषधाबरोबर उकळायचे. निळी राहिली तर सुटलो, हिरवी झाली तर बोलणी, आणि विटेसारखी तांबडी झाली तर आरडाओरडा!

आमच्यात सर्वांत वजनदार म्हणजे निपाणीचे तंबाखूचे व्यापारी आप्पा. त्यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. डॉक्टरांनी बजावलं, "दिवाळीपर्यंत जेवणानंतरची साखर उतरली नाही, तर अंगठा कापावा लागेल."

आप्पा हादरले. "आवो, मग वहाण कशात अडकवायची?"

*

भात बंद झाला. पुढच्या तपासणीला नळी तांबडी!

"काय खाल्लंत?"

"कायबी न्हाय. एकादशी हुती. नुसती रताळी."

"किती?"

"उपास हुता की डॉक्टर! पोटभर!"

*

मग जेवल्यावर चालायचा हुकूम सुटला. आप्पा आणि त्यांची बायको आक्का बेळगावात लेकीकडे मुक्कामाला आले. आप्पा रोज जेवून शेजारच्या कंग्राळी गावापर्यंत चालत. घाम गळत होता आणि साखर चढत होती! डॉक्टर चक्रावले.

शेवटी मीच एकदा बरोबर गेलो. ओळखीचं घर लागलं की हाक यायची, "आप्पा, उन्हाचं आलाय, गूळ-पाणी घ्या!" कंग्राळी येईपर्यंत या माणसानं अर्धी ढेप रिचवली!

मी भर रस्त्यात भांडलो. आप्पा शांतपणे म्हणाले, "चालत आलेल्यानं गूळ-पाणी नको म्हनायचं? टांग्यातनं आलो असतो, तर सोडलं असतं त्यांनी!"

*

निपाणीला एका लग्नात आम्ही शेजारी बसलो होतो. वाढपी आप्पांच्या पानाशी वाकला तसा मी कडाडलो, "खबरदार! यांना साखर बंद आहे!"

"साखर कुठं हाय साहेब?" तो म्हणाला. "खीर गुळाची हाय!" आणि दोन पळ्या ओतून गेला.

मी उठून यजमानांना जाब विचारला. साऱ्या मांडवात मीच उद्धट ठरलो. शिक्षा म्हणून खीर माझ्याही पानात पडली.

*

दिवाळी जवळ येऊ लागली तसे आप्पा घाबरले. त्यांनी गुपचूप आक्कांची बाटली स्वतःची म्हणून आणली. डॉक्टरांनी उकळली. तांबडी!

"आवो, ही माझी न्हायच!" आप्पा ओरडले. "हिची हाय!"

आक्का दारातच उभ्या होत्या. त्या आयुष्यात कधी डॉक्टरकडे गेल्या नव्हत्या. घरी जाताच त्यांनी गुळाची ढेप म्हशीपुढं टाकली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आता दोघं भाकरी खाऊ. तुमच्यापायी माझंबी उघडं पडलं!"

*

त्या भाकरीनं काम केलं. शेवटची तपासणी डॉक्टरांनी आपल्या घरी ठेवली. जेवणाआधी नळी उकळली. निळी! डॉक्टरांनी आप्पांना मिठीच मारली. "आता माझ्याकडेच जेवा. दोन तासांनी पुन्हा बघू. निळी राहिली, की अंगठा वाचला!"

पंगतीला आप्पा, आक्का आणि मी. ज्वारीची भाकरी, मेथी, ताक. आप्पा शहाण्यासारखे जेवले. उठणार तोच डॉक्टरांच्या आई साखरेचे मांडे घेऊन आल्या.

आप्पांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले. "आई, नको. अंगठा जाईल माझा."

आई लेकाकडे बघू लागल्या. "अरे, आपल्या घरचा पाहुणा गोडाशिवाय उठणार?"

डॉक्टर अवघडले. छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले. पण मग त्यांनी स्वतःच आप्पांचे हात बाजूला सारले. "एकच घ्या हो. माझी शपथ आहे!"

एकाचे तीन झाले.

दोन तासांनी नळी उकळली. विटेसारखी तांबडी! डॉक्टर नळी हातात धरून नुसते उभे.

आप्पांनी हळूच पाय धोतराखाली ओढून घेतला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "आता अंगठा कुनाचा कापायचा?"