चार घनमीटर जास्तीचे

स्तामेन मिस्त्री माझा मेव्हणा. त्याच्या हाताखाली मी तेवीस वर्षं सेंट्रिंगच्या फळ्या ठोकल्या. गाब्रोवोच्या डोंगरातल्या आमच्या गावात त्याची नजर म्हणजे ओळंबा, असं सगळे मानायचे. पण यंदा शाळेचा स्लॅब टाकताना त्याने जे केलं, ते लिहिताना मान खाली जाते. माझ्या वाट्याचं लिहितानाही.

इंजिनीअर रादोस्तीना टॅब घेऊन आली. त्याच्या पडद्यावर शाळेचा एकेक खांब उभा केलेला. "मिस्त्री, बत्तीस घनमीटर काँक्रीट लागेल. घमेलंभरही वाया जाणार नाही."

"पोरी, तुझ्या या पाटीने कधी थापी धरलीय का?" स्तामेन म्हणाला. आम्ही फिदीफिदी हसलो. ती गेल्यावर त्याने काँक्रीटच्या प्लांटला फोन लावला. "छत्तीस पाठवा."

नेहमीच तो असं जास्तीचं मागवायचा. कमी पडलं तर मिस्त्रीची अब्रू जाते, उरलेलं कुठल्याही खळग्यात ओतलं तर कुणी विचारत नाही. असे किती खळगे आम्ही भरले, ते आता आठवायलाही नको वाटतं. मी फोन ऐकला आणि पुढची फळी ठोकायला घेतली.

बत्तिसात स्लॅब भरला. ड्रायव्हर म्हणाला, "उरलेलं कुठे ओतू? गाडीत घट्ट झालं तर माझं काही खरं नाही." स्तामेनने शाळेमागच्या खळग्याकडे बोट केलं.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर ताकासारखं पांढरं पाणी आलं. झरा त्या खळग्याखालूनच येतो. पाणवठा स्तामेनच्या बापाने बांधलेला, दगडावर बापाचं नाव आहे.

कॅन घेऊन आलेल्या बायका रादोस्तीनावर तुटून पडल्या. "हातातल्या त्या खेळण्यावर बघून शाळा बांधतेस? आमचं पाणी नासवलंस." तिला काढून टाकायची बोलणी सुरू झाली. प्लांटची पावती स्तामेनच्या खिशात होती आणि तो बुटांकडे बघत उभा होता.

छप्पर पुरं झालं की आमच्याकडे कारागिरांना सदरे देतात. गावप्रमुखाने पहिला सदरा पुढे केला, तसे स्तामेनने हात मागे घेतले.

"मला नको. चार घनमीटर मी जास्तीचं मागवलं. झऱ्यावर मीच ओतायला लावलं. पोरीचं गणित बरोबर होतं."

"बापाच्या पाणवठ्यावर, स्तामेन?" गर्दीतून झ्लाटका आजीने विचारलं.

"हो, आजी."

तेव्हापासून रोज तो एकटा छिन्नी घेऊन घट्ट झालेलं काँक्रीट फोडायला खळग्यात उतरतो. फोन मीही ऐकला होता, हे मी तिथे बोललो नाही. माझं नाव पुकारलं, तेव्हा पुढे जाऊन मी सदरा घेतला. अजून अंगात घातलेला नाही.