बिस्किटं वाढली

आमच्या सूनबाईचं पोट दुखलं तरी ती आधी आठवत बसते, मागच्या वेळी दुखलं तेव्हा आपण काय खाल्लं होतं आणि त्याच्या मागच्या वेळी काय खाल्लं होतं. मग गोळी घेते. मी म्हणते, अगं, गोळी आधी घे, संशोधन मागून कर. ती हसते. रागावणं तिच्या स्वभावातच नाही, आणि अशा सुनेशी भांडायचं तरी कसं, हे मला अजून जमलेलं नाही.

लग्नानंतर बरीच वर्षं ती आणि मुलगा दुसऱ्या शहरात होते. तिथे ती एका मोठ्या कंपनीत कामाला होती. काम काय, तर लोक काय विकत घेतात, कधी घेतात, कशाला नुसता हात लावून परत ठेवतात याचे आकडे गोळा करायचे आणि त्यावरून साहेबांना सांगायचं की पुढे काय करा. लोकांच्या पिशवीत डोकावण्याचा पगार मिळतो हे ऐकून मी थक्क झाले. मी तर हेच काम शेजारपाजारी जन्मभर फुकट करत आले.

मग मुलाची बदली इथे झाली. ती नोकरी सोडून आली आणि आमच्या बेकरीत लक्ष घालायला लागली. आमची म्हणजे ह्यांची. पुढे दुकान, मागे कारखाना, आणि कारखान्याच्या कोपऱ्यात विटांची जुनी भट्टी. तरुणपणी ह्यांनी गवंड्याच्या हाताखाली स्वतः विटा वाहून ती बांधून घेतली होती. पाव, केक, क्रीमरोल आता विजेच्या ओव्हनमध्ये होतात. आल्याची बिस्किटं मात्र भट्टीतच. त्या बिस्किटांना लागणारी धग विजेला जमत नाही, असं ह्यांचं म्हणणं. भट्टीवर ह्यांचा भारी जीव. तेवढा माझ्यावर असता तर... पण जाऊ दे, सूनबाई हे वाचणार आहे.

सूनबाईच्या आकड्यांना मी पहिल्यांदा नाकं मुरडली. पण तिने महिन्याभरातच दाखवून दिलं की शाळा उघडते त्या दिवशी डब्यांसाठी ब्रेड उडतो, आणि आम्ही नेमका त्याच दिवशी कमी भाजतो. ह्यांनी तिचं ऐकलं आणि ब्रेड कमी पडेनासा झाला. ती म्हणायची, अंदाज चुकला की आपण नशिबाला बोल लावतो, आकडा चुकला तर तो शोधून दुरुस्त करता येतो. मला ते पटलं, म्हणजे पटल्याचं मी दाखवलं नाही इतकंच.

सकाळी दुकानात ती असायची, तेव्हा बिलाच्या यंत्रात सगळं आपोआप नोंदलं जायचं. दुपारी ती नातीला शाळेतून घेऊन घरी यायची आणि संध्याकाळी गल्ल्यावर हे. संध्याकाळच्या गर्दीत बिलं कोण करतं? सुटा माल कागदात बांधायचा, पैसे गल्ल्यात टाकायचे. उरलेल्या मालाचा चुरा होऊन तो डब्यात जातो, त्यामुळे सकाळी तिला ट्रे रिकामेच दिसत. म्हणून तिने एक युक्ती काढली. रोज संध्याकाळी ती आपल्या खोलीतून ह्यांना फोन करून विचारायची, बाबा, आज काय कमी पडलं, काय वाढलं? हे सांगायचे आणि ती लॅपटॉपवर भरून घ्यायची.

ह्यांचं उत्तर ठरलेलं. बिस्किटं वाढली. आणि क्रीमरोल? आहेत, आहेत.

तिने बिस्किटं निम्म्यावर आणली. तरी रोज उत्तर तेच, बिस्किटं वाढली. तिने आणखी कमी केली. तरी वाढलीच. क्रीमरोल मात्र छान 'आहेत' म्हणून तिने ते वाढवले, आणि हे रोज पिशवीभर क्रीमरोल तिच्या नकळत घरी आणायला लागले. टाकवत नाहीत म्हणून मी खात गेले. धंदा वाढायचा तेव्हा वाढेल, मी मात्र लगेच वाढले.

एक दिवस जेवताना सूनबाई हळूच म्हणाली की लोकांना आता आल्याची चव नको झाली आहे. बिस्किटंच जात नसतील तर भट्टी नुसती जागा अडवते. ती पाडून तिथे केकसाठी दुसरा ओव्हन बसवू या का? तिने हे इतक्या अजिजीने विचारलं की तिलाच ते बोलणं जड जात होतं हे दिसत होतं. हे पानातलं बोटाने चिवडत राहिले आणि म्हणाले, तू म्हणशील तसं.

मला मनस्वी राग आला. सुनेचा आला, आकड्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त ह्यांचा आला. माणसाने आपल्या जिवाभावाच्या गोष्टीसाठी एक शब्द तरी बोलावा. ह्यांना बाजूला घेऊन मी तसं म्हटलंही. हे म्हणाले, "मी रोज तिला सगळं सांगतो. ऐकूनही ती पाडू म्हणते, म्हणजे त्यात काहीतरी हिशेब असेल. शिकलेली आहे ती." मला वाटलं, बिस्किटं पडून राहतात हे ह्यांनीही मान्य केलं. मग मी तरी कोणाच्या जोरावर भांडणार? गवंड्याला सांगावा गेला. तो आला की भट्टी जाणार होती. हे उगाचच दुकानात लवकर जाऊन भट्टीची राख झाडून ठेवायला लागले.

गवंडी दुसऱ्या दिवशी यायचा होता. संध्याकाळी ह्यांना यायला उशीर झाला म्हणून मी फोन लावायला सांगितला. माझे हात कणकेने भरलेले, म्हणून सूनबाईने फोन स्पीकरवर टाकून माझ्यापुढे धरला. हे म्हणाले, दुकान वाढवतो आणि येतोच. फोन ठेवला.

सूनबाई तशीच उभी. चेहरा पडलेला. बाबा दुकान वाढवतायत? मी म्हटलं, मग, वेळ झाली की. तिने विचारलं, कुठल्या बाजूने? शेजारच्या शिंप्याचा गाळा घेतला का? आणि मला का नाही सांगितलं?

मी तिच्याकडे बघतच राहिले. लेकीसारखी सून म्हणतात, पण हिला घरातलं साधं बोलणं कळत नव्हतं आणि ते माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. तिच्या माहेरी सगळे नोकरीवाले. दुकानाचं कुलूप कधी कोणी लावलंच नव्हतं.

"अगं, वाढवतो म्हणजे बंद करतो. दुकान बंद केलं असं दुकानदार बोलत नाही. वाईट वाटतं ते. म्हणून दुकान वाढवलं म्हणायचं. सगळेच म्हणतात. ह्यांनी तर तो शब्द मालालाही लावलाय. ह्यांच्या तोंडून 'संपलं' असं मी कधी ऐकलं नाही."

"मग बिस्किटं वाढली म्हणजे?"

"म्हणजे संपली," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझ्याही डोक्यात लख्ख उजेड पडला.

ती खाली बसली. मला हसू आवरेना आणि तिच्या डोळ्यांतून पाणी. जितकी कमी भाजायला लावली तितकी ती लवकर संपत होती, आणि तिला वाटत होतं, एवढी थोडी करूनही उरतातच. "आई, मी बाबांची भट्टी पाडायला निघाले होते," एवढंच ती बोलली. मग चपला अडकवून तडक निघाली. मी गुडघा सांभाळत, कणकेच्या हातांनीच तिच्या मागे.

ह्यांनी शटर अर्धं ओढलं होतं. तिने वाकून आत शिरत विचारलं, बिस्किटं रोज किती वाजता वाढतात? हे म्हणाले, हल्ली दिवे लागायच्या आतच, आधी दुकान वाढेपर्यंत पुरायची. गिऱ्हाईक परत जातं? जातं की, रोज जातं.

"मग मला बोलला का नाहीत, बाबा?"

"रोजच तर बोलत होतो, बाळा."

तिने ओंजळीत तोंड लपवलं. मी ह्यांना घोटाळा समजावून सांगितला. ह्यांना तो सावकाश कळला. मग हे मागे कारखान्यात गेले आणि भट्टीच्या विटांवर हात ठेवून पाठमोरे उभे राहिले.

परत आल्यावर हे गंभीरपणे म्हणाले की उद्यापासून आपण फोनवर सरळ 'संपली' म्हणू. म्हणून बघितलंही. बिस्किटं सं... आणि खोकला आला. सूनबाई म्हणाली, "नको बाबा, तुम्ही वाढलीच म्हणा. मी आकडे गोळा केले, पण ते कुठल्या शब्दात येतात हे विचारलंच नाही. फक्त किती वाजता वाढली तेवढं सांगत जा." मग तिला आठवलं. आणि क्रीमरोल आहेत, आहेत, म्हणजे काय? हे जमिनीकडे बघायला लागले. मी म्हटलं, आहेत ना, माझ्या पोटात आहेत. ह्यांना क्रीमरोल भरायला आवडतात म्हणून तोपर्यंत कोणी खरं बोललं नव्हतं, पण आकड्यांपुढे ह्यांचंही काही चाललं नाही. क्रीमरोल फक्त सुट्टीच्या दिवशी करायचे ठरले.

सकाळी गवंडी घण घेऊन हजर. सूनबाई उत्साहाने म्हणाली, काका, बेत बदललाय, भट्टी वाढवायची आहे. म्हातारा जुन्या वळणाचा. वाढवायला तर आलोय, म्हणत त्याने घण उचलला. हे आतून धावत आले.

"थांबा. संपवायची नाही तिला. मोठी करायची."

तो शब्द ह्यांच्या तोंडून निघाला हे फक्त माझ्याच लक्षात आलं.

भट्टी आता ऐसपैस झाली आहे. बिस्किटांचा दुपारी आणखी एक घाणा निघतो. मोठ्या भट्टीतला माल जाईल ना, या धास्तीने पहिल्या दिवशी हे जेवलेही नव्हते. संध्याकाळी सूनबाईने लॅपटॉप उघडून फोन लावला आणि स्पीकर चालू केला, म्हणजे मलाही ऐकू यावं. बाबा, आज काय वाढलं?

पलीकडे शटर ओढल्याचा आवाज आला.

"सगळं," हे म्हणाले.

तिने ते भरून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. या वेळी कशाचा अर्थ विचारायची गरज पडली नाही.