मशकबीन आणि लग्नातलं गाणं

लग्न होऊन मिरजेहून जयपूरला निघाले तेव्हा मी रडले नाही. स्टेशनावर आई, मावश्या, शेजारणी सगळ्या डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या आणि मी ट्रंकेची कडी तुटली म्हणून हमालाशी भांडत होते. आमचे हे पुढे कित्येक वर्षं सांगत, "मी बायको नाही आणली, फौजदार आणला." हे पोलिसांच्या इस्पितळात डॉक्टर होते. बनी पार्कच्या पुढे, पोलीस लाइनीच्या कडेला आम्हाला क्वार्टर मिळालं होतं. समोर कवायतीचं मैदान, मैदानात एक कडुलिंब आणि त्याखाली, माझ्या नशिबाने, खात्याचा नवाकोरा पाइप बँड.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. संस्थानाच्या काळातला पितळी बँड खात्याकडे होताच आणि तो वाजायचाही झकास. पण एका हौशी साहेबांनी कुठल्याशा पलटणीचे बॅगपायपर ऐकले आणि ते भाळले. त्यांनी वाद्यं मागवली आणि शिकवायला गढवालकडचे एक निवृत्त हवालदार आणले. त्यांना सगळे उस्ताद म्हणत आणि ते वाद्याला मशकबीन म्हणत. काखेत चामड्याची पिशवी, ती तोंडात धरलेल्या नळीतून फुंकून फुगवायची. खांद्यावर तीन नळ्या, त्या एकच सूर धरून ठेवतात. हातात भोकांची नळी, तिच्यावर गाणं वाजतं.

सुरुवातीला तर काही वाजतच नव्हतं. वाद्यं कमी आणि शिकणारे जास्त, म्हणून एकाचं झालं की दुसऱ्याने घ्यायचं. पण पाण्याचा लोटासुद्धा ओठांना न लावता वरून पिणारी ही माणसं, ती दुसऱ्याची उष्टी नळी तोंडात कशी धरणार? हुकूम म्हणून वाद्य हातात घ्यायची, ओठांजवळ न्यायची आणि नुसते गाल फुगवायची. उस्ताद बिचारे पिशव्या उलट्यासुलट्या करून भोक शोधत बसले. खरं कारण कळल्यावर ह्यांनी नळ्या पुसायला इस्पितळातून स्पिरिट दिलं, तर एकजण हात जोडून म्हणाला, "डागदर साब, दारू तो हम छूते भी नहीं." शेवटी लाकडी खेळणी करणाऱ्या कारागिराकडून प्रत्येकाला स्वतःची, तोंडात धरायची नळी कातून आणली. मग ती नळी शिपायांनी इतकी जपली की काही विचारू नका. एकजण तर ती जानव्याला बांधून हिंडायचा.

आणि मग आवाज निघाला. सकाळी चहाचं आधण ठेवावं तर बाहेर म्हैस अडल्यासारखा आवाज सुरू, तो ऊन चढेपर्यंत. मी पंधरवडाभर सोसलं आणि एक दिवस पदर खोचून मैदानावर गेले. "अगं, ते सरकारी काम आहे!" असं म्हणत हे मागून येत होते, पण अर्ध्या वाटेवर थांबले. शहाणे होते.

मिरजेत आमचं घर तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत होतं. तार केसभर उतरली तरी मला झोप लागायची नाही. मी उस्तादांसमोर उभी राहिले आणि माझ्या तेव्हाच्या हिंदीत म्हणाले, "उस्तादजी, ये बीचवाली नळी उतरी हुई है. मेरे कान में दुखता है."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, मग नळीकडे. सांधा धरून ती जराशी आत ढकलली. सूर चढला, डळमळला, आणि एकदम तिन्ही नळ्या एक झाल्या. मैदानभर षड्ज पसरला. मी भांडायला आले होते ते विसरूनच गेले. मिरज सोडल्यापासून पहिल्यांदाच मला आपल्या घरात असल्यासारखं वाटलं. उस्ताद मिशीत हसून म्हणाले, "बेटी, कल भी आना." त्या दिवसापासून चहा उकळायला ठेवून मी रोज कडुलिंबाखाली जाऊ लागले, आणि रोज तो उतू गेला.

सगळं मार्गी लागतंय असं वाटत होतं, तेवढ्यात हौशी साहेबांची बदली झाली. नवे साहेब रोखठोक. त्यांना जुना पितळी बँड पुरेसा होता. त्यांनी सांगून टाकलं की प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात पाइप बँड वाजवून दाखवा. जमलं तर ठीक, नाहीतर वाद्यं कोठीत, शिपाई पहाऱ्यावर आणि उस्ताद आपल्या गावी. उस्तादांनी हे मला अगदी सहज सांगितलं. मग पिशवीवरून हात फिरवत म्हणाले, "गाँव में मेरा कौन है? एक पहाड़ है. वो भी कब तक सुनेगा?" मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी ठरवलं, हा माणूस इथून जाणार नाही.

अडचण एकच होती. उस्तादांच्या पलटणीतल्या विलायती चाली शिपायांच्या गळी उतरत नव्हत्या. मी म्हटलं, त्यांच्या कानात आधीपासून आहे असं काहीतरी द्या. उस्तादांना इकडची गाणी ठाऊक नव्हती, मला तर मुळीच नाही. पण आमच्याकडे भांड्यांना येणारी बाई राखेने भांडी घासता घासता एक चाल गुणगुणायची. इतकी गोड, की मी हातातलं काम टाकून ऐकत राही. तिला विचारलं, हे कशाचं गाणं? ती म्हणाली, "ब्याव को गीत छै, बाईसा."

लग्नातलं गाणं! म्हणजे आनंदाचंच की. मी पेटी काढली, चाल बसवली. मशकबीनमध्ये शुद्ध निषाद नाही, कोमलच आहे, आणि गाण्यालाही नेमका कोमलच हवा होता. मी उस्तादांना गाऊन दाखवलं. त्यांनी खाली ढोलाचा ठेका घातला आणि चाल पावलांवर बसवली. शिपायांनी तर ती हां हां म्हणता उचलली. वाजवताना सगळ्यांच्या नजरा जमिनीकडे असत. किती मन लावून शिकतात, म्हणून मी ह्यांच्यापाशी कौतुकही केलं. संक्रांतीला पतंग उडत होते आणि मी सगळ्या बँडला तिळगूळ वाटत होते, "तिळगूळ घ्या, गोड वाजवा!"

संचलनाच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. आधी पितळी बँड आला, टाळ्या झाल्या. मग आमचा. केशरी साफे, काखेत पिशव्या, पुढे उस्ताद. सगळ्या नळ्या एका दमात बोलल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. पथकं ठेक्यात निघाली. आणि मला बायकांच्या बाजूला काहीतरी चुळबुळ जाणवली. म्हाताऱ्यांनी घुंघट ओढले. एकीने दुसरीच्या खांद्यावर डोकं टेकलं. मंडपातल्या निम्म्या बायका मुसमुसत होत्या. माझ्या शेजारी बसलेली आमची बाई तर हमसून हमसून रडत होती. "अगं, झालं काय?" मी मराठीतच ओरडले. ती म्हणाली, "बेटी सासरे जा री छै, बाईसा!"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. लग्नातलं गाणं खरंच, पण मुलीची पाठवणी करतानाचं! तिरंग्यासमोर छाती काढून पोलीस चालले होते आणि बँड मुलीला सासरी पाठवत होता. शिपायांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नंतर मी त्यांना धारेवर धरलं तेव्हा जानव्यावाला शांतपणे म्हणाला, "आपने पूछा ही कब?" हुकूम झाला की वाजवायचं, न विचारता बोलायचं नाही, ही लाइनीची रीतच.

संचलन संपल्याबरोबर साहेबांनी उस्तादांना बोलावलं. मीही धावले. साहेबांचा चेहरा दगडासारखा होता. "ये धुन किसने चुनी?"

उस्ताद ताठ उभे राहिले. "हुज़ूर, मैंने."

"अजिबात नाही!" माझी जीभ कधी गप्प बसली आहे? "साहेब, मैंने चुनी. इनको कुछ मालूम नहीं था."

साहेबांनी भुवया चढवून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मागून त्यांच्या पत्नी आल्या. नाक लाल, रुमाल ओला. मागच्याच महिन्यात त्यांची एकुलती एक मुलगी सासरी गेली होती. त्या साहेबांना म्हणाल्या, "इनसे कहिए, एक बार और बजाएँ." साहेबांनी खाकरून घसा साफ केला, दुसरीकडे पाहिलं आणि हुकूम दिला, "फिर से."

ते दुसऱ्यांदा वाजवणं मी कधी विसरणार नाही. ओलं तोंड पुसत बायका हसत होत्या, शिपाई प्रथमच मान वर करून वाजवत होते आणि उस्तादांचे गाल पिशवीइतके फुगले होते. वाद्यं कोठीत गेली नाहीत. उस्ताद गावी गेले नाहीत. पुढे लाइनीत कुणाच्याही मुलीचं लग्न असलं की पाठवणीला मशकबीन हवीच, असा रिवाज पडला. संचलनासाठी मात्र साहेबांच्या आज्ञेवरून आम्ही दुसरी चाल बसवली, आणि ती बसवण्याआधी मी सतरा जणींना अर्थ विचारला.

साठनंतर काही वर्षांनी ह्यांना सांगलीच्या इस्पितळात नोकरी मिळाली. निघायच्या सकाळी टांगा दारात, सामान अंगणात, आणि मी नेहमीप्रमाणे सगळ्यांना कामाला लावत होते. इतक्यात कडुलिंबाखालून षड्ज आला, तिन्ही नळ्या एक. मग ती चाल. ढोल नव्हता. म्हातारे उस्ताद पुढे उभे होते, मागे सगळे शिपाई, नजरा जमिनीकडे.

वाजवून झाल्यावर उस्ताद जवळ आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "बेटी के लिए तो यही बजता है."

स्टेशनावर हमालाने विचारलं, "बाईजी, सामान कितने नग?" सगळं मीच मोजून बांधलं होतं. पण मला तोंडातून शब्द काढता येईना. शेवटी ह्यांनीच उत्तर दिलं.