मुहूर्ताच्या पानावरची जाहिरात

भुवनेश्वरी माझी धाकटी नणंद. सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत बसून शाळेचे गणवेश शिवती. कॉलर अशी बसवती की मालक तिचा माल उलटून बघत न्हाय. जीभ मात्र तिखट. एकदा मी काज उलट्या बाजूला केलं तर म्हणाली, "वैनी, लेकरांनी पाठीवर बटणं लावायची व्हय?" मला लई राग यायचा. पण पोरगी खोटं कधी बोलली न्हाय. ते काम मी केलं.

माझ्या कमरेवर अंगठ्याएवढा पांढरा डाग उठला. कोड. माझ्या मावशीला कोड निघालं तवा सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलेली, ती तितंच मेली. म्हणून मी तोंड शिवून घेतलं. दुपारी ह्यांच्या फोनवर औषधं शोधायची. साइट उघडली की खाली पट्टी यायची, कुकीज मान्य हायेत का. कोण वाचतंय? 'मान्य' दाबायची आणि पुढं जायची. नंतर काय काय शोधलं ती यादी पुसायची. वाटायचं, रांगोळी पुसल्यागत सगळं गेलं. कोडाच्या जाहिराती यायला लागल्या तरी मी निर्धास्त. चौकातला फलक जसा सगळ्यांना दिसतो, तसंच हे असणार, म्हटलं.

मोडनिंबहून मंजुनाथचं स्थळ आलं. पुण्यात कॉम्प्युटरवर काम करायचा. भुवीला आवडला, आणि तिनं ते लपवलंबी न्हाय. सुपारी फोडायच्या आधी मुहूर्त बघावा म्हणून ह्यांनी फोनवर पंचांगाची साइट उघडली आणि फोन मंजुनाथच्या आईच्या हातात दिला. तिथीच्या खालीच जाहिरात: 'अंगावर कोड? लपवू नका.'

"सगळ्यांना येती की," हे म्हणाले.

मंजुनाथनं आपल्या फोनवर तेच पान उघडलं. तितं मोटारसायकल होती. "न्हाय," तो म्हणाला. "साइटी फोनवर खूण ठेवून जातात. ज्यानं जे शोधलं, त्याला तेच दिसतं."

घरात फोन तेवढा एकच, सगळ्यांच्या हातातला. सगळे भुवीकडं बघायला लागले.

त्याच्या आईनं तिला आतल्या खोलीत नेलं आणि मला म्हणाली, "दार लावा." मी लावलं. बाईनं पोरीचे कपडे उतरवून घेतले आणि बाजारात बैल बघतात तसं उजेडाकडं फिरवून फिरवून बघितलं. एक डाग न्हाय. तरी म्हणाली, "आज न्हाय, उद्या निघंल. तुमच्या रक्तात कुणाला तरी हाय."

मी परक्या घरातनं आलेली. माझं कोड भुवीच्या रक्तातलं न्हाय. "मी शोधलं" एवढं बोलले असते तर सुपारी फुटली असती. मी पदर कमरेला घट्ट खोचला. पाव्हणे चहा न घेता गेले.

गोष्ट मोडनिंबहून सोलापुरात आली, मग कोण येतंय दारात? मंजुनाथला आता पोरगं झालंय. भुवीचं औंदा एका बिजवराशी ठरलं. पन्नाशीचा हाय. पहिलीला मारायचा, हे आमाला ठाऊक हाय. तरी हो म्हटलं.

परवा माझा डाग ओठावर आला. भुवी लग्नातला आपला ब्लाऊज शिवत होती. तिनं मशीन थांबवलं आणि माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली.

"मी सांगते सगळ्यांना," मी म्हटलं. "आजच सांगते."

"आता गप ऱ्हावा, वैनी," ती म्हणाली. "दार लावलंत तवा बोलायचं होतं."